अंगठ्यापर्यंत

माझ्या पायाची नखं बनुबाई कापायची. बनुबाई म्हणजे माझी बायको. ती होती तोवर मी तिचं नाव कधी घेतलं नाही, 'अगं' म्हटलं की काम भागायचं. आता सांगताना नाव घ्यावं लागतं.

लष्करात असताना गाडीतून पडून माझ्या कंबरेला मार बसला, त्याला तीस वर्षं झाली. हवालदार म्हणून पेन्शनीत आलो, आष्ट्याला घर बांधलं, ऊस केला. चालणं-फिरणं सगळं व्यवस्थित होतं, पण पुढं वाकलं की हात गुडघ्याच्या थोडे खाली जाऊन थांबायचे. त्यामुळं नखांचं काम तिच्याकडं. दर पंधरा दिवसांनी रविवारी ती टपात ऊन पाणी द्यायची. त्यात पाय भिजले की पाटावर बसून माझा पाय जुन्या टॉवेलात धरून मांडीवर घ्यायची. मी खुर्चीत पेपर वाचत असायचो. झालं की पायावर चापट मारायची, मग मी दुसरा पाय द्यायचो.

ती मिरजेच्या दवाखान्यात एकवीस दिवस होती. तिथून ती परत आली नाही. पहिले दोन महिने मला नखांची आठवणसुद्धा झाली नाही. नंतर चालताना अंगठा दुखायला लागला. खाली बघितलं तर नख वाढून एका बाजूला वळलं होतं आणि शेजारच्या बोटात रुतत होतं. माझी नखं आधीच जाड, शिंपल्यासारखी. वीस वर्षं बुटात काढलेले पाय.

घरात सून आहे, पूजा. मुलगा यशराज सैन्यातच आहे, आसामात. पूजा चांगली पोरगी आहे. तिला सांगितलं असतं तर तिनं नाही म्हटलं नसतं. अवघड तेच होतं. ती माहेरी जाताना माझ्या पाया पडते. ज्या पायांवर ती डोकं ठेवते, ते पाय तिच्या मांडीवर देऊन 'ही घाण काढ' म्हणायचं, हे मला जमणार नव्हतं. मी घरात मोजे घालायला लागलो. एप्रिल महिना, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि मी मोजे घालून सोप्यात बसलेला.

"आबा, उकडत न्हाई का पायाला?" पूजानं एकदा विचारलं.

"सवय हाय," मी म्हटलं.

पूर्वी गावचा न्हावी घरी यायचा, दाढी झाली की नखंही काढायचा. म्हणून एका सकाळी सलूनमध्ये गेलो. तिथला पोऱ्या नव्हे, चांगला चाळिशीचा मालक होता. म्हणाला, "मामा, डोक्याचं सांगा, दाढीचं सांगा. पायाला आमी हात लावत न्हाई. सांगलीला पार्लरात करत्यात ते, पेडिक्युअर म्हणत्यात." बाकावरचे दोघंतिघं हसले. मी दाढी करून घरी आलो.

याकूब नदाफ माझा शाळेपासूनचा सोबती. बसस्टँडच्या मागं त्याचं गाद्यांचं दुकान आहे. माझ्याच वयाचा, पण दिवसभर जमिनीवर बसून गाद्या शिवतो आणि पाच वेळा नमाजाला वाकतो. मी त्याच्या दुकानात खुर्ची मागायचो, तेव्हा तो म्हणायचा, "या साहेब, कचेरी उघडतो तुमची." मी लंगडतोय हे त्यानंच आधी बघितलं.

"पायाला काय झालं रं?"

"काय न्हाई. चप्पल चावलीय."

"दोन्ही पायांना? आणि मोज्याच्या आतनं?"

मी विषय बदलला. त्यानं बदलू दिला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला दारात येऊन उभा राहिला. "चल. समाजमंदिरात राहीबाई योग शिकवत्यात. मी सहा महिनं जातोय साखरेसाठी. घरात बसून तुझा लाकडाचा वासा झालाय."

राहीबाई म्हणजे हायस्कूलच्या खेळाच्या बाई, आता निवृत्त. त्यांच्यापुढं दहा-बारा माणसं असायची, बहुतेक बायका, आम्ही दोघं पुरुष. पहिले दोन दिवस मी हात वर करणं, मान फिरवणं असलं करत बसलो. तिसऱ्या दिवशी बाईंनी पश्चिमोत्तानासन दाखवलं. पाय पुढं सरळ पसरून बसायचं आणि कंबरेतून वाकून दोन्ही हातांनी पायाचे अंगठे धरायचे. बाईंचं डोकं गुडघ्याला टेकलं.

मी ते बघत राहिलो. बाईंच्या हातांत त्यांचे अंगठे होते. मला एवढंच पाहिजे होतं. डोकं गुडघ्याला नाही टेकलं तरी चालेल, हात अंगठ्यापर्यंत पोचला की बास. मग कुणाला काही सांगायला नको, कुणाच्या हातात पाय द्यायला नको.

मी पाय पसरून वाकलो. हात गुडघ्याखाली चार बोटं गेले. गुडघे वर उचलले गेले, मांड्यांच्या मागं शिरा ताणल्या.

"तुमी आज नुसतं ताठ बसा, हवालदार," बाई म्हणाल्या. "पाय पसरून ताठ बसता आलं तरी लय झालं."

मला राग आला. ताठ बसायला मी आलो नव्हतो.

घरी आल्यावर खोलीचं दार लावून मी गोधडीवर बसलो. पी.टी. मला नवीन नव्हती. भरती झालो तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांचे हात पायाला पोचत नव्हते. उस्ताद एक-दोन, एक-दोन म्हणायचा आणि त्या ठेक्यावर आम्ही झटके मारायचो. न पोचणाऱ्याच्या पाठीवर तो गुडघा द्यायचा. महिन्याभरात सगळ्यांचे हात पोचले. अंग आखडलं की झटका द्यायचा, हे मी तिथं शिकलो होतो आणि पन्नास वर्षांत त्यावर कधी शंका घेतली नव्हती. फरक एवढाच की तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो.

रोज सकाळ-संध्याकाळ शंभर झटके. एक-दोन, एक-दोन. चौथ्या दिवशी हात नडगीच्या मध्यापर्यंत गेला. सहाव्या दिवशी सकाळी कंबरेत कट् झालं आणि मी तसाच कुशीवर पडलो. मान हलेना, पाय हलेना. दाराला आतून कडी.

"आबा? काय पडलं?" पूजा बाहेरून ओरडली.

"काय न्हाई."

"मग दार उघडा."

"उघडता येत न्हाई."

शेजारच्या दोघांनी खिडकीतून हात घालून कडी काढली आणि मला पलंगावर ठेवलं. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, दहा दिवस झोपून राहा म्हणाले. मोजे पायातच होते, एवढं बरं.

तिसऱ्या दिवशी याकूब आला. पूजा चहा ठेवायला आत गेली तसा तो पायथ्याशी बसला आणि काही न विचारता त्यानं माझा एक मोजा ओढून काढला. मला पाय मागं घेता आला नाही, कंबर हलत नव्हती.

तो बघत बसला. मग म्हणाला, "हवालदार, ह्यो पाय हाय का घोरपड?"

"मोजा घाल."

"म्हणजे ह्याच्यासाठी लंगडत होतास व्हय? आरं, मला सांगायचं. आण ती कात्री, दोन मिनिटांत काढतो."

"नको."

"का? माझ्या हाताला काय झालंय?"

"तुझ्या हाताला काय न्हाई झालं," मी म्हटलं. "तिच्याशिवाय कुणाच्या हातात पाय दिला न्हाई मी. आता देववत न्हाई. माझं मला करायचंय."

याकूबची बायको दिलशादही तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानं मोजा परत चढवला, अंगठ्याजवळ सांभाळून. चहा आला तो प्यायला. जाताना म्हणाला, "तुझं तू करशील. पण ह्या तऱ्हेनं केलंस तर पुढच्या वेळी खांद्यावरनं न्यावं लागंल तुला."

पंधरा दिवसांनी मी समाजमंदिरात परत गेलो. क्लास सुटला तरी राहीबाईंनी मला थांबवलं. याकूब सतरंजीच्या घड्या घालण्यात फार गुंतल्यासारखं करत होता.

"हवालदार, एक सांगा," बाई म्हणाल्या. "तुमाला आसन करायचंय का नखं कापायचीत?"

मी याकूबकडं बघितलं. "बोललास व्हय?"

"बोललो. आष्टाभर दवंडी दिली न्हाई, एका बाईला सांगितलं."

"नखं कापायचीत," मी म्हटलं.

"मग गुडघं सरळ ठेवायचा हट्ट कशाला? नखं कापणारा माणूस गुडघं सरळ ठेवून बसतो का कवा?"

एवढी साधी गोष्ट. मी आसनाच्या चित्राकडं बघत बसलो होतो आणि माझ्या कामाकडं बघितलंच नव्हतं.

बाईंनी मला भिंतीकडेला बसवलं. दोन सतरंज्यांच्या घड्या करून माझ्या बुडाखाली घातल्या. "वर बसलं की कंबर आपोआप पुढं कलते. खाली बसून वाकायला गेलं की नुसती पाठ गोल हुती, कंबर तिथंच ऱ्हाते. तुमची कंबर तिथंच धरली." मग दोन्ही गुडघ्यांखाली गुंडाळलेली गोधडी दिली, म्हणजे गुडघे वाकलेले राहतील आणि त्यांना आधारही मिळेल. खांद्यावरचा माझा पंचा घेतला, तळपायांना आडवा घातला आणि दोन्ही टोकं माझ्या हातांत दिली. "आता अंगठा विसरा. पंचा धरा. ओढायचं न्हाई, नुसतं धरायचं. श्वास सोडताना पोट मांडीकडं जाईल तेवढं जाऊ द्या. डोकं न्यायचं न्हाई, पोट न्यायचं."

मी वाकलो आणि तोंडातून आपोआप आलं, "एक-दोन."

"मोजायचं बंद!" बाई शाळेत ओरडायच्या तशा ओरडल्या. मागं याकूब फिसकन हसला.

मोजणं बंद करणं मला वाकण्यापेक्षा जड गेलं. मोजल्याशिवाय मी आयुष्यात व्यायाम केला नव्हता. आकडे नाहीत म्हटल्यावर डोकं रिकामं राहीना, तेव्हा मी गावं घ्यायला लागलो. एका श्वासाला एक गाव. आष्टा, मिरजवाडी, तुंग, डिग्रज, सांगलीवाडी, सांगली. एकवीस दिवस रोज एस.टी.नं त्याच रस्त्यानं गेलो होतो, पाठच झाला होता. सांगली आली की मी सरळ व्हायचो. पुढं मिरजेपर्यंत कधी गेलो नाही.

घरी सतरंजीच्या घड्या सरकायच्या. याकूब म्हणाला, मी उशी करून देतो. पहिली आणली ती कापसाची. दिसायला झकास, वर लाल खोळ. बसलो तर दहा मिनिटांत जमिनीला टेकलो.

"तुझं वजन वाढलंय," तो म्हणाला.

"तुझा कापूस जुना हाय."

दुसरी त्यानं काथ्या ठासून केली. ती दगडासारखी झाली, माझी बैठक बधिर झाली. तिसरी मात्र मागं उंच, पुढं उतरती, खाली काथ्या आणि वर चार बोटं कापूस. त्यानं ती दुकानातच मला बसायला दिली आणि स्वतः समोर बसून माझ्या कंबरेकडं शिंप्यासारखं बघत राहिला. मग परत उसवली, पुढच्या कडेचा काथ्या थोडा काढला आणि दाभणानं शिवून टाकली. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हणाला, "थांबा जरा. हवालदारांचं माप चाललंय."

मे गेला, जून गेला. बाईंनी एकेक गोष्ट कमी केली. आधी गुडघ्यांखालची गोधडी अर्धी झाली. मग दोन्ही पायांऐवजी एकेक पाय. एक पाय बाजूला दुमडून ठेवायचा आणि दुसरा गुडघा वर करून तळपाय बुडाकडं ओढून घ्यायचा. "हे पुस्तकात न्हाई बरं का," बाई म्हणाल्या. "हे तुमच्यासाठी हाय." क्लासमधल्या साळूबाई सत्तरीच्या पुढच्या. त्या हे बघून म्हणाल्या, "आवं बाई, असं चालतंय तर आमाला बी सांगा की. मी आपली वरीसभर गुडघं दाबत बसलीया." त्यानंतर निम्मा क्लास घरून उशा आणायला लागला.

पंच्याची पकड रोज थोडी पुढं जात होती. एके दिवशी पंचा पूर्ण संपला आणि हातात पाय आला. अंगठा नाही, पायाची बाजू. बाईंनी बघितलं आणि त्या साळूबाईंकडं गेल्या.

जुलैमधल्या एका रविवारी पूजा सकाळीच बाजाराला गेली. मी टपात ऊन पाणी घेतलं. नेलकटर शोधायला अर्धा तास गेला. ती ते कुठं ठेवायची हे मला ठाऊकच नव्हतं. शेवटी सुयादोऱ्याच्या डब्यात सापडलं, लष्कराच्या कँटीनमधलं मोठं, मीच कधीतरी आणून दिलेलं. शेजारी तिचा चष्मा होता. तो मी तिथंच राहू दिला.

पाय भिजल्यावर पुसले. याकूबची उशी सोप्यात उजेडाला ठेवली, तिच्यावर बसलो आणि उजवा पाय जवळ ओढला. श्वास सोडला. मिरजवाडीलाच हात अंगठ्याला लागला.

मी माझा पाय कधी इतक्या जवळून बघितला नव्हता. घोट्याच्या आतल्या बाजूला एक काळा तीळ होता. मला माहीतच नव्हता. तिला माहीत असणार. तीस वर्षं, महिन्यातून दोनदा तिनं हा पाय हातात धरला होता.

अंगठ्याचं नख एका दमात तुटत नव्हतं. कडेनं थोडं थोडं घेत गेलो. रुतलेला कोपरा निघाला तेव्हा लगेच बरं वाटलं. मध्ये दोनदा सरळ होऊन पाठ भिंतीला टेकवली. उजवा पाय संपला. डाव्या पायाचं दुसरं बोट चालू असताना हात थोडा हलला आणि नखाबरोबर कातडी आली. रक्ताचा थेंब आला.

तेव्हा मला आठवलं. चार-पाच वर्षांपूर्वी तिच्याकडूनही असंच झालं होतं. मी पेपर टाकून पाय ओढून घेतला आणि ओरडलो, "आंधळी झालीस काय?" ती उठली. हळद आणली, लावली, आणि पाय परत मांडीवर घेऊन उरलेली बोटं पुरी केली. पुढच्या आठवड्यात एकटीच एस.टी.नं मिरजेला जाऊन चष्मा करून आली. चष्मा लागला होता म्हणून गेली, एवढंच मला तेव्हा वाटलं. तिला दिसत नव्हतं तरी ती माझी नखं कापत होती आणि दिसत नाही असं तिनं मला सांगितलं नव्हतं, हे आज बोट हातात धरून बसलो तेव्हा कळलं.

आता कापणारा मी होतो आणि कापलं गेलेलंही माझंच. ओरडायला कुणी नव्हतं. मी बोट दाबून धरलं आणि बराच वेळ तसाच वाकून बसलो. कंबर दुखत नव्हती. रडू आलं ते येऊ दिलं.

मग स्वयंपाकघरात जाऊन डब्यातली चिमूटभर हळद लावली. परत बसून उरलेली तीन बोटं संपवली. नखं कागदात गोळा करून उकिरड्यावर टाकली, टप उपडा केला. पूजा बाजारातून आली तेव्हा मी अनवाणी सोप्यात बसलो होतो. तिनं पायांकडं बघितलं, मग भाजीची पिशवी उचलून आत गेली. आतून म्हणाली, "आबा, दोडका आणलाय. चालंल का?"

"चालंल," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी समाजमंदिरात गेलो. याकूब आधीच येऊन बसला होता. माझे पाय बघून त्यानं बाईंना हाक मारली, "बाई, घोरपड गेली!"

राहीबाईंनी वाकून बघितलं. हळद लागलेलं बोटही बघितलं. "दहाच्या दहा?"

"दहाच्या दहा."

"मग काम झालं की तुमचं, हवालदार. आता कशाला आलाय?"

"बाई," मी उशी भिंतीकडेला टाकत म्हटलं, "नखं काय वाढायची थांबलीत का?"